पावसात सायकलने व्याख्यानाला: आधी सुकी चड्डी भरा

साहसी बायकांवरचं व्याख्यान, संध्याकाळी पाचला, रत्नागिरीत. पावस गावाहून सायकलने यायचं असेल तर पहिली वस्तू आत्ताच, हे वाचता वाचता भरा: सुकी चड्डी. शर्ट-पँट सगळेच आणतात. पण रेनकोट कितीही भारी असो, पाणी मानेतून शिरतं आणि पाठीवरून थेट सीटपर्यंत उतरतं. वर आतला घाम. ओल्या चड्डीवर सुकी पँट चढवली की दहा मिनिटांत मागे नकाशा उमटतो, पंख्याखाली हुडहुडी भरते आणि परतताना मांड्या सोलवटतात. मागच्या खेपेला हीच राहिली, म्हणून एवढा आरडाओरडा.

कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड पिळून गाठ मारा, मग ती उलटी करून दुसऱ्या पिशवीत. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच असते. टॉवेलऐवजी पंचा घ्या, लवकर वाळतो. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी. आणि चड्डी भरली का?

हवा, कुलूप, दिवे तुम्हाला सांगायला नकोत. फक्त मागचा लाल दिवा दिवसाही लावा, पावसाच्या सरीत ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही. टायरमध्ये हवेचा दाब नेहमी 80 पीएसआय ठेवत असाल तर पावसात 70. ओल्या डांबरावर पकड बरी मिळते. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर रबरी पॅड दाबणारे) असतील तर आदल्या दिवशी पॅड बघा. जांभ्याची तांबडी रेव त्यात रुतून बसते आणि रिम खरवडते. सुईने उकरून काढा, पॅडवरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर सरळ बदला. ओली रिम पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेकला दादच देत नाही, म्हणून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, भाट्याकडे उतरताना वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून पाणी पुसून काढा. झाडांखालचं शेवाळ, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ब्रेकही नको, वळणंही नको. रस्त्यात गुरं बसलेली असणारच.

ओल्या ट्यूबवर पॅच चिकटत नाही. म्हणून अख्खी ट्यूब, टायर काढायचं लिव्हर आणि पंप घ्या. पावसात काचा जास्त घुसतात, कारण ओलं रबर सहज कापलं जातं. पोंचो (डोक्यातून घालायचा सैल, झुलता रेनकोट) नको म्हणजे नकोच: भाट्याच्या पुलावर आडवा वारा त्याचं शीड करतो.

भरती बघून निघा. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो; अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडी पाणी घेत नाही, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) बुडतात. वाहत्या पाण्यात सायकल हातात धरूनही उतरू नका. रेड अलर्ट असेल तर एसटी.

अर्धा तास आधी पोचा, कारण कपडे बदलायचे आहेत. (चड्डीसकट.)

व्याख्यानाला कोरं डोकं घेऊन जाऊ नका. ॲनी लंडनडेरी 1894 मध्ये बॉस्टनहून लांब स्कर्टमध्ये, 42 पौंडांच्या सायकलवर जगप्रवासाला निघाली. शिकागोत तिने 21 पौंडांची पुरुषी सायकल घेतली आणि स्कर्टही सोडला. पोशाखावर प्रवास अडतो, तो असा. आपल्या शेजारच्या गोव्याहून 10 सप्टेंबर 2017 ला ‘तारिणी’ निघाली: 55 फुटी शिडाची बोट, नौदलाच्या सहा अधिकारी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी कप्तान. 21 मे 2018 ला परत. इतके महिने खाऱ्या पाण्यात कपडे कसे वाळवले असतील, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परतताना अंधार, पुढचा दिवा चार्ज केलेला हवा. घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल घाला. खाऱ्या हवेत रात्रीत गंज धरते. ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री रिकामी करा.