कॉन्फिगमधे वेळ लिहिताना या चुका टाळा, नुसता आकडा टाकून मोकळे होऊ नका

सोलापुरात आम्ही छोट्या धंद्यांचे सर्व्हर सांभाळतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांपासून नव्या पेठेतल्या दुकानांपर्यंत. "सिस्टीम अडकली" म्हणून जे फोन येतात त्यातले किती तरी शेवटी एका ओळीवर येऊन थांबतात, आणि त्या ओळीत कुणीतरी टाइमआउट (किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं) नाहीतर एक्सपायरी (मुदत कधी संपते) चुकीची लिहिलेली असते. आकडा बरोबर असतो, पण तो सेकंदाचा का मिनिटाचा हे बघितलेलंच नसतं. तेच ते बघून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एमचं. एन्जिनएक्समधे (वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर) वेळ लिहिताना छोटा एम म्हणजे मिनिट आणि मोठा एम म्हणजे महिना, सिस्टमडीमधे (लिनक्सवरच्या सेवा चालवणारं) पण तसंच. पण त्याच एन्जिनएक्सच्या फाइलमधे अपलोडची मर्यादा लिहिताना १० च्या पुढं छोटा एम लावा नाहीतर मोठा, दोन्हीचा अर्थ १० मेगाबाइटच, तिथं काही फरक पडत नाही. नवीन पोरं तिथंच फसतात, वरच्या ओळीत मोठा एम चाललेला दिसला की खाली वेळेला पण तोच ठोकतात.

आमच्याकडं हेच झालं. एका चादरीच्या व्यापाऱ्याची रेट लिस्ट वेबसाइटवर होती, किरकोळ दुकानदार मोबाइलवर बघून फोनवर ऑर्डर द्यायचे. सूत महागलं की रेट बदलायचा, म्हणून लिस्टची फाइल ब्राउझरनं जास्तीत जास्त एक मिनिट धरून ठेवावी असं ठरलं होतं. पोरानं एक्सपायर्सच्या ओळीत १ लिहून पुढं मोठा एम टाकला, कॉन्फिग टेस्ट पास झाली (होणारच, चूक लिहिण्यात नव्हती, अर्थामधे होती), रीलोड केलं आणि घरी गेला. पुढच्या आठवड्यात रेट वाढले, गड्डा यात्रा जवळ आलेली, मालाची मागणी जोरात, आणि व्यापाऱ्याचा फोन आला, "काय ओ सर, लातूरचा माणूस जुना रेट सांगायलाय, कलबुर्गीचा पण तेच म्हणतोय, तुमच्या लिस्टमधे काय चाललंय?"

माझ्या लॅपटॉपवर लिस्ट नवीन दिसत होती, कारण मी ती आधी उघडलीच नव्हती. अर्धा दिवस आम्ही डेटाबेस तपासत बसलो. मग सहज हेडर (सर्व्हर फाइलसोबत पाठवतो ती माहिती) बघितला तर मॅक्स-एज, म्हणजे फाइल किती वेळ धरायची तो आकडा, २५९२००० सेकंद, म्हणजे ३० दिवस. सर्व्हरवरची ओळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली, पण ज्यांच्या मोबाइलमधे ती फाइल महिन्याभरासाठी जाऊन बसली होती त्यांचा ब्राउझर आता सर्व्हरला परत विचारायलाच येणार नव्हता. हे नीट समजून घ्या, टाइमआउट चुकला तर तुमच्या मशीनवर बदलता येतो, कॅशची (ब्राउझरनं जवळ ठेवलेल्या प्रतीची) मुदत चुकली तर ती लोकांच्या खिशात गेलेली असते. शेवटी फाइलचं नावच बदललं, पानावरची लिंक नवीन नावाकडं वळवली, पानाला कॅश नव्हती म्हणून ते जमलं. ज्या ऑर्डरी जुन्या रेटनं घेतल्या होत्या त्या मालकानं त्याच रेटनं पाळल्या, शब्द दिला म्हणाले. त्या दिवसाची लाज अजून आहे मला.

तेव्हापासून माझी सवय अशी की मी एम वापरतच नाही, छोटा पण नाही. दहा मिनिटं हवीत तर ६०० लिहून पुढं एस. वाचायला जरा जड जातं पण चुकत नाही. आणि रीलोड झालं की लगेच कर्लनं (कमांड लाइनवरून पान मागवायचं साधन) हेडर मागवतो आणि मॅक्स-एजचा आकडा बोट ठेवून वाचतो. नवीन कॅश लावायची असेल तर पहिला आठवडा ६० सेकंदच ठेवतो, मग वाढवतो. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पहिल्याच दिवशी वर्षभराची मुदत टाकतात आणि मग कॅश कशी साफ करायची विचारत फिरतात.

दुसरी चूक म्हणजे एकक न लावता नुसता आकडा. एन्जिनएक्समधे नुसतं ३० म्हणजे ३० सेकंद. एचएप्रॉक्सीमधे (आलेली मागणी मागच्या सर्व्हरकडं पाठवणारं सॉफ्टवेअर) टाइमआउटच्या ओळीला नुसतं ३० म्हणजे ३० मिलिसेकंद. एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही एन्जिनएक्स काढून पुढं एचएप्रॉक्सी बसवला आणि आकडे जसेच्या तसे उचलून टाकले. लॉगिन चाललं, स्टॉकचं पान चाललं, कारण सर्व्हर शेजारच्याच खोलीत आणि छोटी पानं २० मिलिसेकंदात यायची. महिनाअखेरीला अकाउंटंटनं लेजर काढायला घेतलं तर ५०४ (मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही), परत दाबलं परत ५०४, आणि आधी आम्ही दोष दिला डेटाबेसला. रात्री पोराला विचारलं, "काय बे, नुसतं ३० लिहिलास?" तर म्हणतो, "सर आधी पण ३० च होतं की." बरोबर आहे त्याचं, आकडा तोच होता. लॉगमधे सर्व्हरचा टाइमआउट संपल्याची खूण सकाळपासून तुटलेल्या प्रत्येक रिक्वेस्टच्या ओळीत दिसत होती, वाचली कुणीच नव्हती.

प्रत्येक ठिकाणचं एकक वेगळं आहे, पाठ करायच्या भानगडीत पडू नका. पोस्टग्रेस डेटाबेसचा स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला किती वेळ द्यायचा) नुसत्या आकड्यावर मिलिसेकंद धरतो, मायएसक्यूएल डेटाबेसचा वेट टाइमआउट सेकंदात (मूळ २८८००, म्हणजे ८ तास), जावाच्या वेब डॉट एक्सएमएलमधलं सेशन (लॉगिन किती वेळ टिकतं ते) मिनिटात, पायथनचं स्लीप (तेवढा वेळ थांब) सेकंदात, जावास्क्रिप्टचं सेट टाइमआउट मिलिसेकंदात, आणि गो भाषेमधे स्लीपला नुसतं १० दिलं तर १० नॅनोसेकंद. जिथं एकक लावता येतं तिथं लावाच, जिथं नाही तिथं शेजारी कॉमेंटमधे लिहा. आणि स्वतः सॉफ्टवेअर लिहित असाल तर सेटिंगच्या नावातच सेकंद घाला, कुबरनेटीसमधे (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाइमआउट सेकंड्स असं नाव आहे ते उगाच नाही.

लिहिल्यावर चालू सॉफ्टवेअरलाच विचारायचं की तुला काय समजलं. पोस्टग्रेसमधे शो करा, ते एककासकट सांगतं. सिस्टमडीसाठी सिस्टमडी-ॲनालाइझ टाइमस्पॅन आहे, त्याला तुमची वेळ द्या, ते उलगडून दाखवतं. दहा सेकंदाचं काम आहे.

पीएचपीतलं सेशनचं १४४० बघून बऱ्याच जणांना वाटतं २४ तास, कारण दिवसात मिनिटं १४४० असतात. ते सेकंद आहेत, म्हणजे २४ मिनिटं.

गो च्या ड्युरेशनला दिवसाचा डी कळत नाही, प्रोमिथिअसमधे (सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) चालतो म्हणून इकडं उचलू नका, २४ लिहून एच लावा.

वायएएमएलमधे (सेटिंग लिहायची एक पद्धत) दीड तासासाठी १:३० असं कोट न लावता लिहिलं तर जुने पार्सर (ती फाइल वाचणारे प्रोग्राम) त्याचं ९० करतात, आणि पुढं ते सेकंद धरले तर तुमचा दीड तास दीड मिनिटात संपतो. कोट लावा. तसंच आकड्याआधी शून्य लावायची हौस असेल तर सोडा, ०३० चे (आठाच्या पायाचा आकडा धरून) २४ होतात.

क्रॉनमधे (ठरल्या वेळी काम चालवणारं) मिनिटाच्या जागी दर ४५ लिहिलं की ते दर ४५ मिनिटांनी चालत नाही, तासाच्या ० आणि ४५ मिनिटाला चालतं, मधलं अंतर एकदा ४५ आणि एकदा १५.

आता अडलं की टाइमआउट वाढवणाऱ्यांबद्दल. रिपोर्ट तुटला की पीएचपीत ३०० केलं, तरी एका मिनिटात तुटतो, मग ३००० केलं. अहो पण पुढं एन्जिनएक्स ६० सेकंदाला तोडतोय त्याचं काय? बाहेरची वेळ आतल्यापेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर आतलं काम चालूच राहतं आणि माणूस परत बटण दाबतो, मग तोच रिपोर्ट तीनदा चालतो आणि मशीन बसते. आधी क्वेरी बघा, इंडेक्स बघा. वाट्टेल तेवढे नऊ टाकणं हा उपाय नाही, जावास्क्रिप्टच्या सेट टाइमआउटमधे तर २१४७४८३६४७ च्या पुढं गेलात, म्हणजे साधारण २४.८ दिवस, की ते लगेचच चालतं.

शेवटचं शून्याचं. रेडिस डेटाबेसच्या टाइमआउटला शून्य म्हणजे कनेक्शन कधीच तोडू नको, पोस्टग्रेसच्या स्टेटमेंट टाइमआउटला शून्य म्हणजे मर्यादाच नाही, पण त्याच पोस्टग्रेसमधे किती वेळ लागलेल्या क्वेरी लॉगमधे लिहायच्या त्या सेटिंगला शून्य म्हणजे सगळ्याच लिही, आणि बंद करायला मायनस एक लागतं. बंद करतोय समजून एका ठिकाणी शून्य ठेवलेलं मी सापडवलं तेव्हा डिस्कवर जागा उरली नव्हती, जुने लॉग काढून जागा केली तर संध्याकाळपर्यंत परत भरली, तेव्हा कुठं ती ओळ बघायचं सुचलं.