अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची झोप: या चुका टाळा

"आमचा इतका गाढ झोपतो की शू झालेलीही कळत नाही," असं गल्लीतल्या आया मला सांगतात. त्या गाढ झोपेवर जाऊ नका. मूत्राशय भरलं की अशा बऱ्याच मुलांची झोप रात्रभर चाळवते, फक्त पुरती जाग येत नाही. म्हणून नऊ तास झोपूनही पोर वर्गात पेंगतं.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली. मुलगा सात वर्षांचा होता. रोज बारा आणि तीनचा गजर लावून मी त्याला खांद्यावर मोरीत न्यायचे. तो डोळे मिटूनच शू करायचा. वर्षभर हे चाललं, तरी पाचला अंथरूण ओलंच. एका सकाळी विचारलं, "रात्री उठला होतास ना?" तो म्हणाला, "नाही गं आई." त्याच दिवशी गजर बंद केला. झोपेतच शू केली तर शरीर काय शिकणार? आता मी सांगते, दात घासण्याआधी एकदा आणि दिवा मालवताना एकदा शू करायला लावा.

ओलं होताच वाजणारा अलार्म खरंच उपयोगी पडतो, पण त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. वाजला की मुलाला पूर्ण जागं करायचं, सलग 14 रात्री कोरड्या जाईपर्यंत. आठ दिवसांत "चालत नाही" म्हणून तो कपाटात टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

संध्याकाळपासून पाणी तोडू नका. सोलापूरच्या मे महिन्यात, 42-43 अंशांत, हा छळ आहे. शाळेची बाटली तपासा. ती भरलेली परत येते, म्हणून पोर संध्याकाळी ढसाढसा पितं. बहुतेक पाणी पाचच्या आत पोटात जाऊ द्या. रात्रीचा चहा मात्र बंदच.

मूल घोरत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पोट साफ होत नसेल तर आधी ते बघा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं आणि तहान वाढली, वजन घटलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळ्या नकोत.

चुलतभावंडांसमोर चादर धुवायला लावणं तर नकोच. नळाला चार दिवसांआड पाणी आलं की आईचा जीव मेटाकुटीला येतो, कळतं मला. जाड सोलापुरी चादर लवकर वाळत नाही, ती पांघरायलाच ठेवा. खाली मेणकापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी, पुन्हा मेणकापड आणि घडी. अलार्म लावला नसेल, तर रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, चड्डी बदलायची, दिवा न लावता. पोर लगेच पुन्हा झोपतं.