परदेशात सकाळचा नाश्ता: हॉटेलात की बाहेर?

परदेशातील हॉटेलची खोली आरक्षित करताना एकाच खोलीचे दोन दर शेजारी शेजारी दिसतात: एक नुसत्या खोलीचा आणि दुसरा नाश्त्यासह. आपण घाईत त्यांतला एक निवडतो आणि पुढच्या आठ-दहा सकाळी त्या एका निवडीला बांधल्या जातात. वास्तविक हा निर्णय संपूर्ण प्रवासासाठी एकदाच घ्यायचा नसतो. प्रत्येक मुक्कामाचा, आणि शक्य असेल तिथे प्रत्येक सकाळचा, वेगळा विचार करावा. आणि तो विचार पैशांपासून सुरू न करता, त्या दिवशीचे पहिले काम किती वाजता आणि कुठे आहे, या प्रश्नापासून सुरू करावा.

त्यासाठी आरक्षणापूर्वी एका कागदावर प्रवासाच्या तारखा लिहून प्रत्येक तारखेपुढे सकाळचे पहिले काम लिहावे. बऱ्याच हॉटेलांत नाश्ता साधारण साडेसहा-सातला सुरू होतो आणि दहाच्या सुमारास आवरला जातो. सहाची गाडी किंवा पहाटेचे विमान असेल, तर त्या दिवसाचा नाश्ता पैसे भरूनही पदरात पडणार नाही. साडेनऊचे ठरावीक वेळेचे संग्रहालयाचे तिकीट असेल किंवा सहलीची बस आठला हॉटेलच्या दारातूनच निघणार असेल, तर खाली उतरून वीस मिनिटांत खाऊन मोकळे होण्यासारखे सुख नाही. याउलट अकरापर्यंत कोणतेही बंधन नसलेली सकाळ ही नवे शहर पायी पाहण्याची सर्वांत चांगली वेळ असते, आणि ती हॉटेलच्या भोजनकक्षात घालवणे मला तरी नुकसानीचे वाटते. असा तक्ता केला की सहा रात्रींच्या मुक्कामात हॉटेलच्या नाश्त्याची खरी गरज कदाचित दोन किंवा तीनच दिवस आहे, हे आपोआप दिसून येते.

पहिल्या एक-दोन सकाळी मात्र अपवाद समजाव्यात. पश्चिमेकडे लांबचा प्रवास केला, की शरीराचे घड्याळ स्थानिक वेळेच्या पुढे असल्यामुळे पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि भूकही लागते. अशा वेळी बाहेर सारे बंद असते. सर्वांत आधी मिळण्याची शक्यता असते ती हॉटेलातील नाश्त्याची. पूर्वेकडे गेल्यास उलटे घडते: सकाळी डोळा उघडत नाही, आणि जाग येईपर्यंत नाश्त्याची वेळ संपलेली असते. शिवाय पहिल्या सकाळी हातात स्थानिक चलनातील सुटे पैसे नसतात आणि लहान उपाहारगृहांत परदेशी कार्ड चालेलच असे नाही. म्हणून पश्चिमेकडे जाताना पहिल्या दिवसाचा नाश्ता हॉटेलात घ्यावा, आणि पूर्वेकडे जाताना तो मुळीच आधी विकत घेऊ नये, असे मी सुचवीन.

आता पैशांकडे वळू. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता, तर ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि दुपारचे किंवा रात्रीचे एक जेवण. दोन दरांतील फरक हीच नाश्त्याची खरी किंमत होय. ‘मोफत नाश्ता’ या शब्दांवरून ती ठरवू नये. समजा, दोघांसाठी नुसत्या खोलीचा दर एका रात्रीला 100 आहे आणि नाश्त्यासह 124 आहे, तर प्रत्येकी 12 झाले. त्या परिसरात चहा-कॉफी आणि साधे खाणे 7 ला मिळत असेल, तर बाहेर खाणे स्वस्त पडते. पण त्यानंतर दीड-दोन तासांतच पुन्हा काही घ्यावे लागत असेल, तर हिशेब जवळजवळ बरोबरीचा होतो. तुलना करताना आपण प्रत्यक्षात किती खातो हे धरावे, टेबलावर किती पदार्थ मांडले आहेत हे नव्हे. ज्याला सकाळी कॉफी आणि एखादा पाव पुरतो, त्याने भरगच्च बफेचे पैसे का भरावेत? दुसरीकडे, जो सकाळी पोटभर खाऊन दुपारी फळांवर भागवतो, त्याच्यासाठी तोच बफे एका जेवणाचा खर्च वाचवतो.

या हिशेबात काही गोष्टी हमखास निसटतात. नाश्त्याचा फरक माणशी आहे की खोलीमागे, मुलांना वेगळे पैसे पडतात का, आणि दोन्ही दरांच्या रद्द करण्याच्या अटी सारख्या आहेत का, हे पाहावे. कधी कधी नाश्त्यासहचा दर महाग दिसतो तो पैसे परत मिळण्याच्या सवलतीमुळे. बाहेरच्या खर्चातही छापील किंमत हीच अंतिम असेल असे नाही. अमेरिकेत मेनूवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो आणि टेबलावर बसून खाल्ल्यास 15 ते 20 टक्के टीप देण्याची रीत आहे. इटलीत बारच्या काउंटरपाशी उभ्याने घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली तीच कॉफी यांच्या दरांत, विशेषतः पर्यटकांच्या चौकांत, मोठा फरक असू शकतो.

नाश्त्याचा दर्जाही आधी तपासावा. ‘कॉन्टिनेंटल’ असे लिहिलेले असेल, तर बहुधा पाव, लोणी, जॅम, फळांचा रस आणि चहा-कॉफी एवढ्यावरच भागते. गरम पदार्थ हवे असतील, तर हॉटेलला पत्र लिहून विचारणे उत्तम. पाहुण्यांचे अलीकडचे अभिप्राय वाचताना चवीबद्दलच्या तक्रारींपेक्षा गर्दी, रांग आणि संपलेले पदार्थ यांबद्दलच्या तक्रारी अधिक गांभीर्याने घ्याव्यात.

बाहेर खाण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा पैशांचा नाही. अनेक ठिकाणी सकाळचे खाणे हीच त्या गावाची ओळख असते आणि ती हॉटेलच्या बफेत उतरत नाही. व्हिएतनाममध्ये सकाळी फुटपाथवरच्या छोट्या स्टुलांवर बसून लोक वाफाळता फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचे सूप, खातात. तुर्कस्तानात चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, मध आणि अंडी यांनी भरलेला नाश्ता तासभर निवांत चालतो. अशा देशांत निदान दोन सकाळी तरी राखून ठेवाव्यात. जपानमध्ये ‘र्‍योकान’ म्हणजे पारंपरिक निवासगृहात मुक्काम असेल, तर मात्र निर्णय उलटा करावा, कारण तिथे रात्रीचे जेवण आणि सकाळचा भात, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप) व भाजलेला मासा हा त्या मुक्कामाचाच गाभा असतो. बाहेर पडण्यापूर्वी दिवस कोणता आहे हेही पाहावे. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, इटलीत ऑगस्टच्या मध्यात पुष्कळ छोटे व्यवसाय सुट्टीवर असतात, आणि काही मुस्लीमबहुल देशांत रमजानच्या महिन्यात दिवसा बरीच उपाहारगृहे उघडत नाहीत. अशा दिवसांत हॉटेलचा नाश्ता हा हमखास आधार ठरतो.

हॉटेलातील अन्न सुरक्षित आणि रस्त्यावरचे धोकादायक, अशी सरसकट समजूत आपल्या मनात असते. ती तपासून पाहण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली राखावे. या कसोटीवर, समोरच्या कढईतून उतरलेले आणि वाफ येत असलेले खाणे हे सकाळपासून कोमट भांड्यात पडून असलेल्या बफेतील अंड्यांपेक्षा अधिक भरवशाचे असू शकते. म्हणून बफेला शक्यतो सुरुवातीच्या वेळात जावे, कोमट पदार्थ टाळावेत आणि ताजे ऑम्लेट करून देत असतील तर तेच मागावे. जिथे नळाचे पाणी पिण्याजोगे नाही, तिथे बर्फ, चिरलेली फळे आणि कच्ची कोशिंबीर हॉटेलातही टाळलेली बरी. आपल्या हाताने सोललेले फळ चालते.

ज्यांना पथ्य आहे त्यांच्यासाठी गणित वेगळे आहे. मधुमेहाचे औषध ठरावीक वेळी आणि खाण्यासोबतच घ्यायचे असेल, तर कोपऱ्यावरचे दुकान उघडेल या भरवशावर राहू नये; हॉटेलचा नाश्ता थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतानाही माझे मत हेच आहे. शाकाहारी व्यक्तींना बफेचा एक लाभ असा, की पदार्थ पाहून, विचारून आणि थोडासा वाढून घेऊन ठरवता येते. तरीही दिसण्यावर विसंबू नये: जपानमधील मिसो सूप शाकाहारी दिसले तरी त्याचा रस्सा बहुधा माशापासून केलेला असतो. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास युरोपीय संघातील देशांत 14 प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, मग ते हॉटेल असो वा उपाहारगृह. बफेत मात्र एकाच चिमट्याने अनेक पदार्थ उचलले जातात, त्यामुळे तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी स्वयंपाकघरातून वेगळी थाळी मागवावी.

पहाटे निघायचे असेल आणि नाश्त्याचे पैसे भरलेले असतील, तर आदल्या संध्याकाळीच स्वागतकक्षात सांगून डबा बांधून मागावा. पुष्कळ हॉटेले तो देतात, पण पहाटे पाच वाजता मागून मिळत नाही. विमानतळावर जाणार असाल, तर त्या डब्यातील दही आणि फळांचा रस तपासणीपूर्वीच संपवावा, कारण बऱ्याच विमानतळांवर हातसामानात 100 मिलिलिटरहून मोठ्या डब्या-बाटल्यांतील द्रवपदार्थ अडवले जातात आणि दहीही द्रवातच मोजले जाते. उरलेले फळ खिशात ठेवून सीमा ओलांडू नये. न्यूझीलंडमध्ये विसरून राहिलेले एखादे सफरचंद जाहीर न केल्यास 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच होऊ शकतो. बफेतील पदार्थ आपण होऊन पिशवीत भरून नेणे मात्र टाळावे. तिथली किंमत त्या जागी बसून खाण्याची असते.

या दोहोंच्या मधला एक मार्गही आहे. खोलीत किटली आणि छोटा फ्रिज असेल, तर आदल्या रात्री जवळच्या सुपरमार्केटातून दही, फळे, पाव आणि चीज आणून ठेवावे. चार-पाच दिवसांच्या मुक्कामात हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

मनात अजूनही निश्चिती नसेल, तर नुसत्या खोलीचा दर घ्यावा, मात्र त्याआधी हॉटेलला एक प्रश्न विचारून लेखी उत्तर मागावे: एका दिवसापुरता नाश्ता आदल्या रात्री सांगून घेता येईल का, आणि किती पैशांत? पहिल्या सकाळी खाली उतरून भोजनकक्ष एकदा नजरेखालून घालावा, मग गल्लीत दहा मिनिटे चालून यावे आणि उरलेल्या सकाळींचे तेव्हा ठरवावे.