इंजिन तापते तेव्हा: कूलंटच्या बाबतीत या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढणीला वाहनांची रांग लागली, की बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. बिघाड बहुधा त्या दिवशीचा नसतो. टाकीतील कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, बरेच दिवस घटत असते आणि दर वेळी थोडे पाणी ओतून वेळ मारून नेलेली असते. हीच सर्वांत मोठी चूक होय. कूलंट बंद यंत्रणेत फिरते. त्यामुळे त्याची पातळी वारंवार खाली जात असेल, तर गळती आहे असेच समजावे आणि होज पाईपांचे सांधे, कूलंट गार करणारा रेडिएटर व ते फिरवणारा वॉटर पंप तपासून घ्यावेत. एसीमुळे गाडीखाली साचणारे पाणी मात्र रंगहीन व बिनवासाचे असते. त्याची काळजी नको.

गाडी नेमकी केव्हा तापते, हे न पाहताच सुटे भाग बदलणे ही दुसरी चूक. माजिवड्याच्या कोंडीत तापमानाचा काटा चढत असेल आणि ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळताच उतरत असेल, तर संशय फॅनवर घ्यावा, कारण रखडणाऱ्या गाडीला समोरचा वारा मिळत नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन फिरू लागतो. तो फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि शेवटी मोटर पाहावी. याउलट गाडी वेगात किंवा चढावर तापत असेल, तर चोंदलेला रेडिएटर, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा निकामी वॉटर पंप यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता अधिक. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट फार कमी झाले आहे किंवा यंत्रणेत हवा अडकली आहे.

‘आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागतोच कशाला’ असे म्हणून तो काढून टाकणारे मेकॅनिक आजही भेटतात. त्यांचे ऐकू नये; तो नसेल, तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जळते आणि मूळ दोष झाकला जातो.

नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे आणि निव्वळ रंग जुळतो म्हणून दुसऱ्या प्रकारचे कूलंट ओतू नये. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे हा बिंदू १२० अंशांच्याही वर जातो. झाकणाचे रबर सैल झाले, तर बाकी सारे ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर पडू शकते. याच दाबामुळे तापलेले झाकण उघडताच वाफेने हात-तोंड भाजते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे, मग त्याला कितीही वेळ लागो.

धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक व हेड यांमधले सील) गेल्याचा दाट संशय घ्यावा. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी.