लाँगबोर्ड वळवताना चाक फळीला घासतंय? माझा अनुभव

माझा लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड: बांबू-फायबरग्लासची ४२ इंची लवचिक फळी, ७० मिमी चाकं. लाटेवर झुकल्यासारखं खोल वळण घेतलं की चाक फळीला घासून जागीच अडायचं आणि मी थेट रस्त्यावर. वैताग! किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या (चाकं बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या) मधल्या बोल्टचा नट आवळला, तर बोर्ड वळेचना. किंगपिनवरच्या रबरासारख्या कड्या, म्हणजे बुशिंग, कडक घातले तरी तेच.

शेवटी जमलं ते असं: मूळचे मऊ बुशिंग परत बसवले. ट्रक काढून दोन्ही ट्रक आणि फळीच्या मध्ये ६ मिमीचे रायझर (उंची वाढवणाऱ्या पट्ट्या) घातले, १ इंचाऐवजी सव्वा इंची बोल्ट लावले, मग नट सैल केला. तपासणी मात्र फळीवर उभं राहून, पूर्ण झुकूनच करा. वजनाखाली बुशिंग दबतात, रिकाम्या फळीवरची फट फसवी असते. चाकाला जागा म्हणून फळी खरवडून खोबण करायचा सल्ला मिळेल. फायबरग्लासवर नकोच, थर कापला की लवचिकता बिघडते. उंची वाढल्यामुळे पायाने ढकलताना जरा जास्त वाकावं लागतं, एवढंच.