नवी स्पोर्ट्स कार रनिंगमध्ये असताना या चुका टाळा

कोल्हापुरात नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी अंबाबाई, मग जोतिबा. देवाला गाडी दाखवा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डोंगर उतरताना ब्रेकवर पडणाऱ्या पायाबद्दल.

रनिंग म्हणजे नव्या गाडीचे भाग एकमेकांशी जुळून बसेपर्यंतचे सुरुवातीचे किलोमीटर. ब्रेकचंही तेच : नवे पॅड आणि ते ज्यांना घासतात त्या चाकामागच्या नव्या डिस्क एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. बीएमडब्ल्यूचं मॅन्युअल त्यासाठी सुमारे ५०० किमी सांगतं. आमच्या भाच्यानं पहिल्याच दिवशी, मागच्या नावापुरत्या सीटवर दोन मित्र कोंबून, जोतिबाच्या उतारावर प्रत्येक वळणाला करकचून ब्रेक मारले. जळका वास यायला लागला तर म्हणे, "मामा, नवीन गाडीचा वास असतोय." खाली आल्यावर गाडी उभी करून फोन घेतला, पाय ब्रेकवर तसाच दाबलेला. तापलेल्या डिस्कवर एकाच जागी पॅडचा थर बसला. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. शेवटी कोऱ्या गाडीच्या डिस्क घासून सपाट करायला लेथवर चढवल्या!

नवे ब्रेक बसवायची माझी पद्धत अशी : पहाटे मोकळा रस्ता, मागं कोणी नाही हे बघून ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम जोरानं ब्रेक. पूर्ण थांबायचं नाही. थोडं अंतर नुसतं पळवून वारा लागू द्यायचा, मग पुन्हा. हे आठ-दहा वेळा. घाट उतरताना खालचा गिअर. स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल शिफ्टर काय फक्त मित्रांना दाखवायला दिलेत?

दुसरी चूक सज्जन माणसं करतात. गाडी जपायची म्हणून कागल ओलांडलं की वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावायचा आणि टॉप गिअरमध्ये एकाच वेगानं बेळगाव गाठायचं. उद्यमनगरातल्या कारखान्यात होन केलेला, म्हणजे आतून बारीक घासलेला, इंजिनच्या सिलिंडरचा बोअर ज्यानं पाहिलाय, त्याला आतल्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा माहीत असतील. त्यांच्यात तेल टिकतं आणि त्यांच्याच कडांवर घासून पिस्टनच्या रिंगा बसतात. पण रिंग भिंतीला नीट दाबली जाते ती जळलेल्या वायूच्या दाबानं. पाय कायम हलकाच ठेवला तर दाब कुठून येणार? भिंत नुसती चकाकते आणि पुढं इंजिन ऑइल पिऊ लागतं. म्हणून इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन अडीच हजार आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) चार हजारांपर्यंत चढवा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच मंद होऊ द्या. पुन्हा तेच.

"आताच्या इंजिनांना रनिंग लागत नाही" हे मला रोज कोणीतरी ऐकवतो. मग बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांना, म्हणजे स्पोर्ट्स मॉडेलांना, पहिल्या २००० किमीत ५५०० आरपीएम आणि ताशी १७० किमीची मर्यादा का घालते? आणि तेवढे किमी झाले की ऑइल बदलायला का बोलावते?

बाकीचं थोडक्यात. नवे टायर पहिले ३०० किमी हवी तशी पकड देत नाहीत, पावसाळ्यात तर गगनबावड्याचा विचारही नको. थंड इंजिन ताराराणी चौकात रेस करू नका. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं. सकाळी दारात दहा मिनिटं चालू ठेवण्यापेक्षा सुरू करून सावकाश निघा. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण जोरात झेपावायला लावणारी सोय, रनिंग संपेपर्यंत नाहीच. आणि पहिल्याच महिन्यात रीमॅप करून, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, आलेल्यांनी इंजिनचा आवाज ऐकवायला माझ्याकडं येऊ नये.