घरच्या आर्केडसाठी जॉयस्टिक आणि बटणं घेताय? या चुका टाळा

पुण्यात घरच्या घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरसारखं उभं मशीन बनवणारे वाढलेत, त्याचा आनंदच आहे. पण मदतीसाठी फोन येतो तो जॉयस्टिक-बटणांचं किट घरी आल्यावर, आणि बऱ्याचदा ती जिथे बसवायची त्या प्लायच्या पॅनेलला भोकं पाडून झाल्यावर. मग "आता काय करू?" याला एकच खरं उत्तर उरतं, नवीन प्लाय आणा. ते कुणाला ऐकायचं नसतं.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी चूक म्हणजे कुठले गेम खेळणार हे न ठरवता जॉयस्टिक घेणं. विचारलं की उत्तर येतं, "सगळेच!" रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या मेमरी कार्डात हजारो गेम कोंबता येतात हो, पण महिनाभराने घरात खेळले जातात ते आठ-दहाच. त्या आठ-दहांची नावं आधी कागदावर लिहा. माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्यांदा तो कागद मागतो. कागद नसेल तर चहा पाजतो, सल्ला देत नाही.

कारण सरळ आहे. पॅकमॅन (१९८०) आणि डाँकी काँग (१९८१) हे ४-वे जॉयस्टिकचे गेम. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, बस. किटमध्ये येते ती ८-वे. तिचा दांडा तिरका गेला की दोन मायक्रोस्विच (प्रत्येक दिशेचा एकेक छोटा स्विच) एकदम दाबले जातात. पॅकमॅनला वळणावर तिरकी दिशा समजतच नाही, तो पुढे निघून जातो नाहीतर भिंतीला टेकून उभा राहतो, आणि भुतं येऊन खातात. खेळणारा म्हणतो रास्पबेरी पाय स्लो आहे, एन्कोडर (बटणं कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड) खराब आहे, आणि नवीन एन्कोडर मागवतो. दोष एन्कोडरचा नसतो. उलट ४-वे लावून स्ट्रीट फायटर टू (१९९१) खेळायला बसलात तर पुढे उडी नाही आणि हाडूकेन, म्हणजे हातातून गोळा फेकायचा डाव, तर नाहीच, कारण त्यात खाली, खाली-पुढे, पुढे असा तिरक्यातून जाणारा हात लागतो.

मग दोन्ही हवे असतील तर? गेट फिरवता येईल अशी जॉयस्टिक घ्या. जॉयस्टिकच्या बुडाशी प्लास्टिकची चकती असते, दांडा किती आणि कुठे झुकेल ते ती ठरवते. तिलाच रिस्ट्रिक्टर गेट म्हणतात. सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकला चौकोनी गेट येतं. ते काढून ४५ अंशांत फिरवून बसवलं की चौकोनाचे कोपरे वर-खाली आणि डावी-उजवीकडे येतात आणि दांडा तिरका जायचा थांबतो. स्वस्त नकलांमध्येही बऱ्याचदा ही सोय असते, पण घेण्याआधी बूड उलटं करून बघा. अष्टकोनी गेट वेगळं मिळतं. नवशिके ते पहिल्याच दिवशी मागवतात, कारण कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी चांगलं म्हटलेलं असतं. आधी चौकोनीवर महिनाभर हात बसू द्या.

बटणांचंही तेच. खेळाडूमागे आठ-आठ बटणं लावलेली पॅनेलं मी पाहिलीत, आणि त्यावर खेळतात काय, तर 'मुस्तफा'! म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स (१९९३), ज्याला एक मारायचं आणि एक उडीचं अशी दोन बटणं पुरतात. केओएफ (किंग ऑफ फायटर्स) ९७ ला चार लागतात, स्ट्रीट फायटरला सहा. सहाच्या वर गरज दाखवा आणि मग भोक पाडा.

आता माझ्या विशेष रागाचा विषय: प्लायची जाडी आणि भोकाचा व्यास.

धायरीतला एक ओळखीचा तरुण. नोकरी सॉफ्टवेअरमधली, घाई जन्मजात. टिंबर मार्केटमधून १८ मिलीमीटरचा चांगला प्लाय आणला, त्यावर काळं सनमायका चिकटवलं, काम देखणं झालं होतं. घरात फर्निचरचं काम चालू होतंच, तर सुतारालाच सांगितलं, "दादा, एवढी बारा भोकं मारून द्या, बटणांची." मोजमाप दिलं नाही. बटण हातात दिलं नाही. सुताराकडे गोल भोकासाठी कायम एकच कटर तयार असतो, कपाटाच्या बिजागरीचा, ३५ मिलीमीटरचा. त्याने दहा मिनिटांत बारा सुबक भोकं मारली. आर्केडचं नेहमीचं बटण ३० मिलीमीटरच्या भोकाचं, त्याची वरची कडा जेमतेम ३३. संध्याकाळी या महाशयांनी पहिलं बटण ठेवलं आणि ते सरळ खाली फरशीवर. दुसरंही. मग मला व्हिडिओ कॉल, आणि कॅमेऱ्यात भोकातून वर आलेलं त्यांचं बोट.

सुताराला बोलण्यात अर्थ नव्हता, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. शिवाय भोकं ३० ची असती तरी गोची होतीच. आणलेली बटणं क्लिपची, म्हणजे नट न लावता दाबून बसवायची होती. क्लिपवाली बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा अॅक्रिलिकसाठी बनलेली असतात, साधारण २ ते ४ मिलीमीटर जाडीला त्यांचे कान अडकतात. १८ च्या प्लायमध्ये ते कान आतल्या आतच दबून राहतात. बटण बसल्यासारखं वाटतं आणि रंगात आलेल्या खेळात वर निघून येतं.

शेवटी त्या भोकांवर बटर पेपर ठेवून पेन्सिलने छापा घेतला, त्यावरून ड्रॉइंग केलं आणि ३ मिलीमीटरचं अॅक्रिलिक लेझरने कापून आणलं, ३० ची भोकं पाडून. ते प्लायवर बसवलं. बटणांच्या क्लिपा अॅक्रिलिकला अडकल्या आणि खालच्या ३५ च्या भोकात कानांना मोकळी जागा मिळाली. आता तो हे मुद्दाम केलेलं डिझाइन म्हणून पाहुण्यांना दाखवतो.

तुम्ही एवढा द्राविडी प्राणायाम करू नका. जाड प्लाय किंवा एमडीएफ असेल तर नटवाली, लांब आट्यांची बटणं घ्या. नट आवळायला पॅनेलखाली किती आटे उरतात ते पट्टीने मोजा. अमेरिकन पद्धतीची, हॅप कंपनीसारखी बटणं लाकडासाठीच असतात, पण त्यांचं भोक सव्वा इंचाचं नाही, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचं, म्हणजे सुमारे २८.५ मिलीमीटर. स्टार्ट आणि कॉइनची छोटी जपानी बटणं २४ ची. तीन प्रकार एकत्र मागवले तर तीन कटर लागतात हे विसरू नका. आणि बटण हातात आल्याशिवाय, टाकाऊ तुकड्यावर एक भोक मारून बघितल्याशिवाय खऱ्या पॅनेलला ड्रिल लावायचं नाही. सनमायका असेल तर भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा, नाहीतर कडेचे टवके उडतात.

जॉयस्टिकलाही जाडीचा त्रास होतोच. जाड प्लायखाली बसवली की वर दांडा बुटका राहतो आणि बोटं पॅनेलला घासतात. खालून राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) खोलगट करून तिथे ५-६ मिलीमीटरच लाकूड ठेवा. राउटर नसेल तर दांड्याला एक्स्टेंडर मिळतो, पण तो मला आवडत नाही. दांडा लांबला की हात जास्त हलवावा लागतो.

दोन खेळाडूंच्या पॅनेलवर कोपरांची जागा सोडा. पुठ्ठ्यावर भोकं कापून दोघं दहा मिनिटं उभे राहून खेळल्याचं नाटक करा. हसू येईल, पण करा.

मायक्रोस्विचला तीन पाय असतील तर वायर कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा पाय) ला. एनसी (न दाबता जोडलेला पाय) ला लावलीत तर बटण सतत दाबलेलं दिसतं.

जॉयस्टिक वर ढकलली की खालचा स्विच दाबला जातो. 'वर' ची वायर वरच्या स्विचला लावून मग "उलटी चालतेय" म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

वायरच्या टोकाचे थिंबल दोन मापांचे असतात, २.८ आणि ४.८ मिलीमीटर. सान्वाच्या बटणांना २.८, हॅपच्या स्विचला ४.८. पक्कडीने दाबून मोठा थिंबल छोट्या पायावर बसवू नका. आज चालेल, पाहुणे आल्यावर निघेल.

दिव्याची बटणं घेताना व्होल्ट विचारा. १२ व्होल्टचा दिवा यूएसबीच्या ५ व्होल्टवर मिणमिणतो किंवा लागतच नाही. तापकीर गल्लीत नुसतं "एलईडी बटण द्या" म्हटलंत तर हाताला लागेल ते मिळेल.

आर्कनॉइड या गेमसाठी स्पिनर (गोल फिरवायची मूठ) आणि सेंटिपीडसाठी ट्रॅकबॉल (तळव्याने फिरवायचा चेंडू), दोन्ही दुसऱ्या कॅबिनेटला ठेवा.

दोन खेळाडूंना दोन सारखेच 'झिरो डिले' नावाचे स्वस्त यूएसबी एन्कोडर लावले की मशीन चालू करताना कधीकधी पहिला खेळाडू दुसरा होतो, कारण कॉम्प्युटरला दोघं एकसारखेच दिसतात. यूएसबीचे पोर्ट ठरवून टाका आणि बदलू नका. त्यानेही जमलं नाही तर दोन्ही खेळाडूंसाठी एकच बोर्ड घ्या, आयपॅक टू सारखा. वायरी जोडल्यावर पॅनेल बंद करायच्या आधी लिनक्सवर जेएसटेस्ट हा प्रोग्रॅम किंवा विंडोजवर गेम कंट्रोलरची खिडकी उघडून एकेक बटण दाबून बघा. आयपॅक कीबोर्ड म्हणून दिसतो, तो नोटपॅडमध्येच तपासा. स्क्रू आवळून झाल्यावर तपासणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याकडे स्क्रूही जास्त असतात.

आणि एमडीएफच्या भोकांच्या आतल्या कडांना सीलर किंवा पातळ फेविकॉलचा हात मारा, तोही जुलैच्या आधी. पावसाळ्यात उघडी कड ओल धरून फुगते आणि नटवालं बटण काढायची वेळ आली की भोकातून बाहेर येत नाही.